विल्यम्सबर्गच्या टॅव्हर्नमध्ये जेवायला जावं का? कोणत्या? आणि शाकाहारी माणसांचं काय?

गवतफूल:

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात आई-बाबा येताहेत. त्यांना आणि लेकीला घेऊन व्हर्जिनियात कलोनियल विल्यम्सबर्गला, म्हणजे अठराव्या शतकातल्यासारखं जपलेलं गाव-संग्रहालय बघायला, जायचं ठरतंय. तिथे अठराव्या शतकातल्या टॅव्हर्नसारखी (टॅव्हर्न म्हणजे जेवण, दारू आणि मुक्कामाची सोय असलेली जागा) रेस्टॉरंट्स आहेत, मेणबत्त्यांच्या उजेडात जेवण आणि वाढणारे त्या काळच्या पोशाखात, असं वाचलं. लेक चौथीत आहे, शाळेत अमेरिकन क्रांती चालू आहे, त्यामुळे तिला जॉर्ज वॉशिंग्टन जिथे जेवला तिथेच जेवायचंय.

अडचण बाबांची आणि आईची. बाबा इतिहासाचे शिक्षक होते. दारातून आत गेल्या गेल्या ते विचारणार की यातलं खरं किती आणि सजावट किती, आणि माझ्याकडे उत्तर नसलं तर जेवणभर तोच विषय चालेल. आई शाकाहारी आहे. केकमध्ये किंवा पावात अंडं असलं तर चालतं, पण मांस-मासे नाहीत आणि मांसाचा स्टॉकही नाही. शेंगदाण्याचं सूप तिथली खासियत आहे असं कळलं, ते आईला चालेल का?

एकूण जाण्यासारखं आहे का? की दिवसा गाव बघून संध्याकाळी दुसरीकडे कुठेतरी जेवावं?

मुक्काम_नॉरफोक:

जरूर जा. टेबल आधी राखून ठेवा, ऑक्टोबरात आयत्या वेळी मिळणं कठीण. गावातले रस्ते सगळ्यांना मोकळे आहेत, तिकीट लागतं ते इमारतींच्या आत जायला. टॅव्हर्नमध्ये नुसतं जेवायचं असेल तर तिकीट लागत नाही. क्रिस्टियाना कॅम्पबेलची टॅव्हर्न मुख्यतः माशांसाठी ओळखली जाते, त्यामुळे आईंचा विचार करता किंग्ज आर्म्स बरी पडेल असं वाटतं. कोणती टॅव्हर्न कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वाराला चालू असते हे बदलत असतं, ते आधी बघून घ्या. सविस्तर ओसरीताई लिहितीलच, त्यांचा हा विषय आहे.

ओसरी:

गवतफूल, बाबांच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर मिळालं की पुढचं बरंचसं आपोआप ठरतं. मी इथून जवळच राहते. पाहुणे आले की त्यांना घेऊन जाते आणि कोणी नसलं तरी जाते, मुख्यतः तिथल्या स्वयंपाकघरांसाठी.

किंग्ज आर्म्स, क्रिस्टियाना कॅम्पबेल आणि चाउनिंग, म्हणजे ज्या टॅव्हर्न जेवणासाठी प्रसिद्ध आहेत, त्या तिन्ही इमारती विसाव्या शतकात नव्याने बांधलेल्या आहेत. त्यामागे भरपूर अभ्यास आहे, पण ज्या भिंतीला टेकून आपण बसतो ती भिंत वॉशिंग्टनने पाहिलेली नाही. हे बाबांना जेवणाआधीच सांगून टाका. ते नाराज होणार नाहीत, उलट त्यांचा विश्वास बसेल.

हे असं का झालं तेही थोडक्यात सांगते. विल्यम्सबर्ग १६९९ पासून १७८० पर्यंत व्हर्जिनियाची राजधानी होतं. मग राजधानी रिचमंडला गेली आणि गाव मागे पडलं. वर्दळ आणि पैसा दोन्ही गेल्यामुळे जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याची कुणाला फारशी गरज पडली नाही, आणि बरंच काही टिकून राहिलं. १९२६ मध्ये इथल्या ब्रूटन पॅरिश चर्चचे धर्मगुरू डब्ल्यू. ए. आर. गुडविन यांनी जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांना जीर्णोद्धारासाठी राजी केलं आणि त्यांच्या पैशातून हे काम उभं राहिलं. आज ऐंशीहून जास्त मूळ इमारती आहेत. बाकीच्या पुन्हा बांधलेल्या, त्यांतच या टॅव्हर्न आल्या. लेकीच्या धड्यात रॅली टॅव्हर्न नक्की येईल. १७६९ मध्ये आणि पुन्हा १७७४ मध्ये गव्हर्नरने विधानसभा बरखास्त केल्यावर सदस्य तिथल्या अपोलो नावाच्या खोलीत जमले होते. मूळ रॅली १८५९ मध्ये जळाली. आज उभी आहे ती १९३२ मध्ये पाहुण्यांसाठी उघडली.

पण एक टॅव्हर्न मूळची आहे: वेदरबर्न. तिथे जेवण मिळत नाही, ती फक्त बघायची आहे. माझा आग्रह आहे की टॅव्हर्नमध्ये जेवायला जाण्याआधी त्याच दिवशी बाबांना वेदरबर्नमध्ये न्या. हेन्री वेदरबर्न १७६० मध्ये वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेची खोलीवार यादी झाली होती. पलंग कुठे, टेबलं कुठे, भांडी काय, सगळं त्यात आहे, आणि त्याच यादीत त्याच्या मालकीची गुलाम माणसंही किमतीसकट आहेत. ती यादी समोर ठेवूनच आजच्या खोल्या मांडल्या आहेत. आवारात खोदकाम झालं तेव्हा जमिनीत पुरून ठेवलेल्या दारूच्या बाटल्या निघाल्या आणि त्यांत चेरीची फळं होती. कुणीतरी साठवणीसाठी पुरली आणि मग ती तिथेच राहिली. मला त्या घरातल्या सगळ्या फर्निचरपेक्षा या बाटल्या जास्त जवळच्या वाटतात.

याच वेदरबर्नचं नाव एका खरेदीखतात आहे, ते बाबांना फार आवडेल. १७३६ मध्ये विल्यम रँडॉल्फने पीटर जेफरसनला २०० एकर जमीन दिली, आणि मोबदला काय, तर हेन्री वेदरबर्नच्या हातच्या अरक पंच नावाच्या पेयाचं सगळ्यात मोठं भांडं. पीटर जेफरसन म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनचे वडील. अरक हे मद्य पूर्वेकडून यायचं, बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, आणि गोव्याहून. गोव्याचा अरक माडीचा. म्हणजे कोकणपट्टीतल्या माडाचा रस गाळून, अर्धी पृथ्वी ओलांडून व्हर्जिनियातल्या पंचच्या भांड्यात पोचायचा, आणि त्यात लिंबू, साखर, वर किसलेलं जायफळ पडायचं. ती तीनमजली चव कशी असेल याचा विचार मी अनेकदा केला आहे.

आता जेवणाचं. त्या काळच्या टॅव्हर्नमध्ये आजच्यासारखं मेन्यू कार्ड घेऊन बसायची पद्धत नव्हती. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दरात, त्या दिवशी जे शिजलं असेल ते सगळ्यांसाठी टेबलावर यायचं. अनोळखी माणसं एकाच टेबलाला बसायची. पैसेवाल्यांना वेगळी खोली मिळायची. दर टॅव्हर्नवाला ठरवत नसे, काउंटीचं कोर्ट ठरवायचं: जेवणाचा इतका, निजायचा इतका, कुठल्या दारूचा किती, आणि घोड्याच्या दाणावैरणीचा व तबेल्याचा किती. तो तक्ता लोकांना दिसेल असा भिंतीवर लावणं बंधनकारक होतं. पलंगही अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यावा लागायचा. राजधानी असल्यामुळे कोर्टाच्या कामकाजाच्या दिवसांत गावात इतकी गर्दी व्हायची की जागा मिळाली हेच पुष्कळ.

आणि मुख्य जेवण दुपारी असायचं, दोन-तीनच्या सुमारास. उन्हात. मेणबत्त्या महाग होत्या, दिवसाचा उजेड फुकट होता. आज आपल्याला 'जुनं' वाटतं ते मेणबत्तीच्या उजेडातलं संध्याकाळचं साग्रसंगीत जेवण ही आपली आवड आहे, त्यांचा रिवाज नव्हे. म्हणून शक्य असेल आणि त्या दिवशी चालू असेल तर दुपारचं टेबल घ्या. आई-बाबांना ताटातलं नीट दिसेल, लेक पेंगणार नाही, आणि जुन्या रिवाजाच्या जास्त जवळही जाल. संध्याकाळी वातावरण सुंदर असतं हे मात्र खरं. कुणी व्हायोलिन वाजवत टेबलांमधून फिरतं, खिडकीबाहेर काळोख, रस्त्यावर दिव्यांचा झगमगाट नाही. त्यासाठीच जायचं असेल तर तेही छान, फक्त ते अठराव्या शतकाचं आहे असं लेकीला सांगू नका.

शेंगदाण्याच्या सुपाबद्दल. आईंना चालणार नाही असं धरूनच चाला. या सुपाची रूढ कृती कांदा आणि सेलरी लोण्यावर परतून, मैदा घालून, त्यात चिकनचा स्टॉक, मग पीनट बटर आणि क्रीम अशी आहे. चव गोडसर, दाट, एकदम घोटीव. मला ते मनापासून आवडतं. पण बाबांना हेही सांगा की पीनट बटर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात आलं. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तिथून पोर्तुगिजांबरोबर आफ्रिकेत गेला, आणि आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर व्हर्जिनियात आला. अठराव्या शतकात तो मुख्यतः गुलाम माणसांनी आपल्या वाफ्यात लावलेला आणि खाल्लेला जिन्नस होता. जमीनदारांच्या पानात त्याला मान नव्हता. मोठ्या प्रमाणावर शेती एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. म्हणजे आज या टॅव्हर्नचा सगळ्यात नावाजलेला पदार्थ आहे तो मागच्या दारच्या माणसांचा. मला यात मोठा न्याय वाटतो, आणि तो वाढताना कुणीतरी हे सांगावं असं फार वाटतं.

आईंसाठी: टेबल राखतानाच सांगा की एक व्यक्ती शाकाहारी आहे, स्टॉकसुद्धा चालत नाही, आणि पोचल्यावर पुन्हा सांगा. तीन गोष्टी मुद्दाम विचारा. हिरव्या पालेभाज्या इथे परंपरेने डुकराच्या खारवलेल्या मांसाबरोबर शिजवतात, त्या तशा आहेत का? पाय (pie) या भाजलेल्या पदार्थाच्या पारीत प्राण्याची चरबी आहे का? भाजीच्या सुपात किंवा ग्रेव्हीत स्टॉक आहे का? स्पूनब्रेड मिळाला तर आईंना जरूर द्या. मक्याच्या पिठाचा, दूध-अंडी घालून भाजलेला, चमच्याने घ्यावा लागतो इतका मऊ. रताळ्याचे मफिनही चांगले. मांस खाणाऱ्यांनी व्हर्जिनिया हॅम चाखून बघावं, पण ते मिठात मुरवून धुरी दिलेलं असतं, आपल्या अंदाजापेक्षा खूप खारट. एकाने मागवावं आणि बाकीच्यांनी तुकडा तुकडा घ्यावा.

वॉशिंग्टनचं उत्तर: क्रिस्टियाना कॅम्पबेल. तो तिच्याकडे उतरायचा आणि जेवायचा, त्याने स्वतः तशा नोंदी ठेवल्या आहेत. क्रिस्टियाना विधवा होती आणि टॅव्हर्न तिने स्वतःच्या हिमतीवर चालवली. किंग्ज आर्म्स चालवणारी जेन व्होब, तीही बाईच. लेकीला ही नावं लक्षात ठेवायला सांगा, वॉशिंग्टनचं तर सगळेच ठेवतात.

तटस्थ:

माहिती उत्तम, पण माझं मत वेगळं आहे आणि ते मांडणं मला गरजेचं वाटतं. अठराव्या शतकात या गावातली निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीय होती आणि त्यातले बहुतेक सगळे गुलाम. स्वयंपाक कोणी केला, पाणी कोणी आणलं, घोडे कोणी सांभाळले? त्याच जागी आज आपण मेणबत्ती लावून, छान पोशाखातल्या माणसांकडून वाढून घेतो. मला ते जमत नाही. संग्रहालय म्हणून बघायला मी तयार आहे, पण जेवण म्हणजे मजा, आणि मजेसाठी ही जागा योग्य वाटत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या मनात यातून 'जुना काळ किती सुंदर होता' एवढंच राहील.

ओसरी:

तटस्थ, तुम्ही हे लिहिलंत ते बरं केलंत. तुमची आकडेवारी बरोबर आहे आणि शेवटच्या वाक्यातली भीतीही खरी आहे. तरी मी जाते, आणि का जाते ते सांगते.

किंग्ज आर्म्सच्या जेन व्होबच्या मालकीचा एक गुलाम होता, गोवन पँफ्लेट. टॅव्हर्नमध्ये राबणारा माणूस. गुलामांनी जमून प्रार्थना करण्याला मनाई असताना तो प्रवचनं करू लागला. आधी गावाबाहेर, झाडांच्या आडोशाला. बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथातल्या गोऱ्या मंडळींनीही त्याला थांबवायचा प्रयत्न केला, तो थांबला नाही. १७९३ मध्ये तो कायद्याने स्वतंत्र झाला, आणि त्याच वर्षी त्याच्या भाविकांच्या गटाला डोव्हर बॅप्टिस्ट असोसिएशनने सामावून घेतलं. ते चर्च, फर्स्ट बॅप्टिस्ट, आजही विल्यम्सबर्गमध्ये आहे आणि आपली स्थापना १७७६ सालची मानतं. त्याची जुनी जागा नॅसॉ स्ट्रीटवर होती. तिथे मधल्या काळात डांबर घालून गाड्या उभ्या करायची जागा केली होती. २०२० पासून खोदकाम झालं, जुन्या बांधकामाचा पाया आणि दफनं सापडली. किंग्ज आर्म्सपासून ती जागा पायी जाण्यासारखी आहे.

हा माणूस लोकांना वाढत होता. ज्या टेबलांवर ब्रिटिश राजापासून सुटकेच्या गप्पा चालायच्या, त्याच टेबलांशी उभा राहून तो त्या ऐकत असणार. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि भरल्या खोलीत बसून, वाढणाऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकत, मनात आणणं वेगळं. मला तिथे बसल्यावर गोवन पँफ्लेटची आठवण येते ती घरी येत नाही. म्हणून तुमचा आक्षेप मी असा वळवून घेते: जेवायला जावं, पण त्याचं नाव माहीत करून घेऊन जावं.

कलोनियल विल्यम्सबर्ग चालवणाऱ्या संस्थेबद्दलही न्यायाने बोलायला हवं. पहिली अनेक दशकं इथे गुलामगिरीविषयी फारसं बोललंच जात नव्हतं. १९७९ पासून कृष्णवर्णीय कलाकार त्या काळच्या गुलाम माणसांच्या भूमिका करू लागले. १९९४ मध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रसंग रस्त्यावर सादर केला, तेव्हा मोठा निषेध झाला. काहींना ते वेदनांचं प्रदर्शन वाटलं, काहींना पहिल्यांदा कुणीतरी खरं दाखवलं असं वाटलं. मला वाटतं, तो वाद होणं हेच योग्य होतं. आज गोवन पँफ्लेटची भूमिकाही सादर होते. गवतफूल, त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत ते नाव दिसलं तर बाकी सगळं सोडून तिथे जा.

आणि जेवणाआधी एखादं चालू स्वयंपाकघर बघाच. गव्हर्नर्स पॅलेसच्या मागे वेगळं स्वयंपाकघर आहे. वेगळं अशासाठी की उष्णता, धूर आणि आगीची भीती मुख्य घरापासून लांब राहावी. तिथे त्या काळच्या पद्धतीने चुलाण्यावर खरोखर स्वयंपाक करतात. लोखंडी आकड्यांना टांगलेली भांडी, फरशीवर ओढून घेतलेले निखारे आणि त्यावर तीन पायांचं भांडं. आच कमी-जास्त करायची तर निखारे ढकलायचे. स्वयंपाक करणाऱ्यांना प्रश्न विचारा, ती माणसं भरभरून बोलतात. पदार्थ चाखायला मात्र देत नाहीत, आरोग्याच्या नियमांमुळे. इंग्लंडमधल्या पाककृतींचं एक पुस्तक १७४२ मध्ये याच गावात विल्यम पार्क्सने छापलं. अमेरिकेत छापलेलं ते पहिलं पाककृतींचं पुस्तक. तशा पुस्तकांवरून मालकीणबाई जेवण ठरवायच्या आणि ते शिजवणारे हात गुलाम स्त्री-पुरुषांचे असायचे, ज्यांना बहुधा वाचायला शिकवलेलं नसायचं. कृती ऐकायच्या, लक्षात ठेवायच्या, आणि त्यात आपल्या आठवणीतली चव मिसळायची. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं जेवण म्हणून आज जे मिरवलं जातं ते तिथून आलं. ती धग तोंडावर घेऊन आलेली मुलगी टॅव्हर्नमध्ये बसल्यावर 'किती सुंदर' एवढंच म्हणणार नाही. ती विचारेल, 'इथलं स्वयंपाकघर कुठे होतं?'

तटस्थ:

गोवन पँफ्लेटबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. नॅसॉ स्ट्रीटची जागा बघायला नक्की जाईन. जेवणाबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण तुमचं म्हणणं समजलं.

पारिजात:

दोन व्यवहाराच्या गोष्टी. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ज्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं सूप रोज होतं तिथे फक्त 'मला सूप नको' म्हणून भागणार नाही. टेबल राखतानाच स्पष्ट सांगून काय शक्य आहे ते विचारा. दुसरं, वयस्कर माणसांसाठी: जुन्या धाटणीच्या इमारतींमध्ये पायऱ्या, अरुंद जिने आणि अंधुक उजेड असतो. खालच्या मजल्यावरचं टेबल मागून घ्या. आणि गावातलं चालणं बरंच आहे, मोटारींना दिवसा मुख्य रस्त्यावर येऊ देत नाहीत, तेव्हा आई-बाबांना चांगले बूट घालायला सांगा.

बाबांना 'मूळ इमारत' हवीच असेल आणि पुढे न्यूयॉर्कला जाणार असाल, तर मॅनहॅटनमध्ये पर्ल स्ट्रीटवरची फ्राउन्सेस टॅव्हर्न बघा. १७१९ मध्ये बांधलेलं घर सॅम्युएल फ्राउन्सेसने १७६२ मध्ये घेतलं. ४ डिसेंबर १७८३ ला वॉशिंग्टनने तिथल्या लाँग रूममध्ये आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला. वर संग्रहालय, खाली रेस्टॉरंट.

ओसरी:

पारिजात, फ्राउन्सेसची आठवण चांगली काढलीत. बाबांसाठी त्यात एक पुस्ती: ते घर मधल्या काळात आगींनी आणि फेरबदलांनी इतकं बदललं होतं की १९०७ मध्ये जीर्णोद्धार पुरा झाला तेव्हा त्यात अंदाजाने केलेलं पुष्कळ होतं. फिलाडेल्फियाच्या सिटी टॅव्हर्नची गोष्ट आणखी वेगळी. १७७३ ची मूळ इमारत १८५४ मध्ये पाडली, आणि आज आहे ती १९७६ मध्ये, स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला, त्याच जागी उभारलेली. तिथलं रेस्टॉरंट २०२० मध्ये बंद झालं, तेव्हा जायचं मनात असेल तर आधी चौकशी करा. मूळ आणि नवं यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या असतात. विल्यम्सबर्ग निदान कुठली इमारत कुठल्या पायरीवर आहे ते विचारलं की सांगतं, म्हणून मला ते प्रामाणिक वाटतं.

गवतफूल:

सगळ्यांचे मनापासून आभार. ओसरीताई, तुमचं सगळं बाबांना फोनवर वाचून दाखवलं. खरेदीखताचा किस्सा त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि मग विचारलं की कोर्टाने दर ठरवले तर टॅव्हर्नवाल्याचा फायदा कशातून व्हायचा. हे उत्तर कुणाला माहीत असेल तर कृपया लिहा, नाहीतर ते तिथे वाढणाऱ्याला विचारतील!

तटस्थ, तुमचा मुद्दा मी लेकीशी बोलणार आहे, जाण्याआधीच.

दुपारचं टेबल किंग्ज आर्म्समध्ये मिळतं का बघते, नसेल तर संध्याकाळी लवकरचं. एका दिवसात वेदरबर्न, पॅलेसचं स्वयंपाकघर आणि जेवण जमेल का? आई फार चालू शकत नाही.

ओसरी:

जमेल, पण क्रम सांभाळा. सकाळी सगळ्यात आधी पॅलेसचं स्वयंपाकघर, कारण ते गावाच्या एका बाजूला आहे आणि सकाळी तिथे कापाकापी, मळणं, निखारे करणं असं बघण्यासारखं काम चालू असतं. स्वयंपाक त्या दिवशी आहे ना हे आदल्या दिवशी बघून ठेवा. मग ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीटवर येऊन वेदरबर्न. रॅली टॅव्हर्न तिथून अगदी जवळ आहे आणि तिच्या मागच्या अंगाला बेकरी आहे. लेकीला तिथून आल्याचा केक घेऊन द्या, आईंना बाकावर बसवा. किंग्ज आर्म्सही त्याच रस्त्यावर, चार पावलांवर. नॅसॉ स्ट्रीट दुसऱ्या टोकाला आहे, ते दुसऱ्या दिवशी ठेवा. तिकिटावर गावाभोवती फिरणारी बस असते, आईंसाठी ती वापरा.

बाबांचा प्रश्न फार चांगला आहे. कोर्ट दर ठरवायचं ते साध्या जेवणाचे, बिछान्याचे, नेहमीच्या दारूचे आणि घोड्याच्या वैरणीचे. पण टॅव्हर्नचं काम तेवढंच नव्हतं. खाजगी खोल्यांमधल्या मेजवान्या, नाचाचे कार्यक्रम, सभा, लिलाव, हे सगळं टॅव्हर्नमध्येच व्हायचं. आणि सर्वात मोठं म्हणजे स्वयंपाक, धुणं, झाडलोट, तबेला हे सगळं करणाऱ्या माणसांना पगार द्यावा लागत नव्हता. वेदरबर्नच्या त्या यादीत ती माणसं पलंग-खुर्च्यांबरोबर का मोजली आहेत ते बाबांच्या लगेच लक्षात येईल. यादीबद्दल तिथल्या मार्गदर्शकाला जरूर विचारायला सांगा. वाढणाऱ्यालाही विचारू देत, त्यातल्या अनेकांना हे सगळं माहीत असतं आणि सहसा कुणी विचारत नाही.

टेबल मिळालं की इथे कळवा. आईंना काय काय खाता आलं तेही लिहा, पुढे येणाऱ्या शाकाहारी मंडळींना उपयोग होईल.